वाचकांचे प्रश्न : वाइझमन, मका आणि बाल्फोर जाहीरनामा

प्रश्न : ज्यू राष्ट्रवादी (झायोनिस्ट) नेते आणि रसायनशास्त्रज्ञ हाइम वाइझमन यांनी ॲसिटोनचा शोध लावला आणि त्याचं बक्षीस म्हणून ब्रिटनने बाल्फोर जाहीरनामा (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय वसतिस्थानाला पाठिंबा) दिला, असं वाचलं. यात खरं किती? आणि मक्यातून ॲसिटोन निघतो कसा?

उत्तर : ॲसिटोन हा पदार्थ विरघळवायला वापरला जाणारा द्रव वाइझमन यांच्या जन्माआधीपासून (१८७४) माहीत होता. लाकूड बंद भट्टीत तापवून तो काढत. नौदलाचं कॉर्डाइट (तोफांची बिनधुराची दारू) बनवताना नायट्रोग्लिसरीन आणि नायट्रोसेल्युलोज एकजीव करायला तो लागे. पहिलं महायुद्ध पेटलं आणि त्याचा तुटवडा पडला. मँचेस्टरमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे वाइझमन कृत्रिम रबरासाठी जंतू धुंडाळत होते, त्यातून ॲसिटोन देणारा जंतू त्यांना सापडला.

मक्याचं पीठ पाण्यात कालवून (साधारण ६ ते ८ टक्के) वाफेच्या दाबाखाली शिजवायचं, ३७ अंशांपर्यंत निववायचं आणि बंद टाकीत जंतूंचं विरजण घालायचं. यीस्टला स्टार्चची आधी साखर करून द्यावी लागते. हा जंतू स्टार्च स्वतःच फोडतो, खरी बचत तिथेच. विरजणासाठी वाइझमन जंतूंना मिनिट-दोन मिनिटं उकळत्या तापमानाचा चटका देत. दुबळे मरत, तगलेल्या बीजाणूंची पुन्हा वाढ करायची आणि पुन्हा चटका, असं कितीतरी वेळा.

टाकीत आधी आंबटपणा चढतो, मग उतरतो. तो उतरू लागला की ॲसिटोन तयार होऊ लागतो. दुधाला आंबवणाऱ्या जातीचे जंतू आत शिरले तर आंबटपणा उतरतच नाही आणि अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. म्हणून नळ, झडपा, टाकी सगळं वाफेने निर्जंतुक करणं हेच या धंद्यातलं सगळ्यात कठीण काम. दोन-तीन दिवसांनी ३ भाग ॲसिटोन, ६ भाग ब्युटेनॉल, १ भाग इथेनॉल मिळतं. पण ब्युटेनॉल जंतूंनाच मारक, त्यामुळे द्रवात हे सगळं मिळून जेमतेम २ टक्के. बाकीचं पाणी ऊर्ध्वपातनाने वेगळं करायला इंधन भरपूर जातं. १९१७ मध्ये धान्याची टंचाई झाली तेव्हा शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनट या झाडाची फळं गोळा करवली, पण उतारा फार कमी पडला.

बक्षिसाची गोष्ट तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या आठवणींतून पसरली. स्वतः वाइझमन यांनी ती मानली नाही. जाहीरनाम्यावर सही करणारे परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांची आणि त्यांची भेट १९०६ मध्येच झाली होती. ॲसिटोनमुळे त्यांना लंडनमध्ये प्रयोगशाळा आणि मंत्र्यांपर्यंत वाट मिळाली, एवढं निश्चित. २ नोव्हेंबर १९१७ च्या जाहीरनाम्यामागे सुएझ कालव्याचं संरक्षण, अमेरिका-रशियातल्या ज्यूंचा पाठिंबा मिळवण्याचा हिशेब आणि झायोनिस्ट नेते नाहूम सोकोलोव्ह यांची पॅरिस-रोममधली खटपट होती. पॅलेस्टाइनमधल्या बहुसंख्य अरबांना कुणी विचारलं नाही, हेही सांगायलाच हवं.

प्रश्न : भारतात असा कारखाना होता का?

उत्तर : होता, नाशिकरोडला. मँचेस्टरहून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आलेले गिल्बर्ट फाउलर यांनी ॲसिटोनच्या जंतूंवर भारतात काम केलं. युद्धानंतर या कारखान्यात सरकारी मद्यार्क निघू लागला.