‘टास्कसेट ८’ म्हणजे आठवा कोअर नव्हे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे कुणी शोधत आलं तर संदर्भ लागेल. आय-सेव्हन १२७०० चं मशीन, त्यावर लिनक्स. लॉग फाइली वाचून त्यांतल्या नोंदी मोजणारा सी-प्लस-प्लसमधला प्रोग्राम, त्यात ८ थ्रेड (एकाच प्रोग्रामचे एकाच वेळी चालणारे धागे), आणि प्रत्येकाचा मोजणीचा आकडा एकाच सामाईक अ‍ॅरेत. एचटॉप या देखरेखीच्या प्रोग्राममध्ये थ्रेड सारखे या कोअरवरून त्या कोअरवर उड्या मारताना दिसले, म्हणून तुम्ही त्यांना बांधायला निघालात. काहीच न करता ४० सेकंद लागत होते. टास्कसेट ही बांधायची लिनक्सची आज्ञा; ‘टास्कसेट ८’ लावल्यावर १९० लागले, ‘टास्कसेट मायनस सी ०-७’ लावल्यावर ५८. पिनिंगने, म्हणजे थ्रेड ठरावीक कोअरला बांधल्याने, वेग वाढतो म्हणतात, मग माझा कमी का झाला, असं तुम्ही विचारलंय. (आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर रोमनमध्येच द्यायच्या.)

पहिली चूक अगदी साधी आहे आणि ती मीही केलेली आहे. ‘मायनस सी’ नसेल तर टास्कसेट समोरच्या आकड्याला कोअरचा क्रमांक समजत नाही, हेक्साडेसिमल मास्क समजतं, म्हणजे ज्यातला एकेक बिट एकेका सीपीयूला परवानगी देतो किंवा नाकारतो असा आकडा. ८ म्हणजे बायनरीत १०००. उजवीकडून शून्यापासून मोजलं तर तिसरा बिट चालू, बाकी सगळे बंद. म्हणजे तुमचे आठही थ्रेड ३ क्रमांकाच्या एकाच सीपीयूवर कोंबले गेले. १९० सेकंद त्यामुळेच. हा १९० चा आकडा मात्र जपून ठेवा. चुकून का होईना, तुम्ही एक फार कामाचं मोजमाप करून बसला आहात. त्याच्याकडे परत येतो.

दुसरी चूक जरा लपलेली आहे. ०-७ म्हणजे आठ कोअर, असं तुम्ही धरलंत. १२७०० मध्ये ८ दमदार पी-कोअर आहेत, प्रत्येकी दोन हार्डवेअर थ्रेडचे, आणि ४ छोटे ई-कोअर, प्रत्येकी एकाचे. लिनक्सला दिसतात एकूण २० सीपीयू. या घराण्यात ० आणि १ हे एकाच पी-कोअरचे जुळे भाऊ, २ आणि ३ पुढच्याचे, असं १५ पर्यंत. १६ ते १९ ई-कोअर. म्हणजे ०-७ देऊन तुम्ही आठ थ्रेड चार कोअरांत दोन-दोन करून बसवलेत आणि उरलेले चार पी-कोअर रिकामे ठेवलेत. हवे होते ०, २, ४, ६, ८, १०, १२, १४. मास्कच लिहायचा तर ५५५५, लक्षात ठेवायलाही सोपा.

हे क्रमांक सगळीकडे असेच असतील असं मात्र धरू नका. बऱ्याच सर्व्हरवर आधी सगळ्या कोअरांचा पहिला थ्रेड मोजतात, मग दुसरा. तिथे ० चा जुळा १ नसतो, १६ किंवा ३२ वगैरे असतो. ‘एलएससीपीयू मायनस ई’ द्या. ‘कोअर’ या रकान्यात ज्यांचा आकडा सारखा, ते जुळे. नवं मशीन हाती आलं की मी सगळ्यात आधी हेच बघतो.

आता मुळातला गैरसमज. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसं काहीतरी पिनिंगने होतं असं बहुतेकांना वाटतं. होतं जवळजवळ उलटं. तुमच्या थ्रेडने शपथ घेतलेली असते की १४ नंबरच्या सीटशिवाय मी कुठेही बसणार नाही. बाकीच्या प्रवाशांना त्या शपथेचा पत्ताच नाही. १४ वर दुसरं कुणी बसलं असेल आणि मागच्या दहा सीटा रिकाम्या असतील, तरी तुमचा थ्रेड दांडा धरून उभाच. अ‍ॅफिनिटी मास्क, म्हणजे टास्कसेटला दिलेला तो आकडा, ही थ्रेडवरची बंदी आहे, कोअरवरचा हक्क नव्हे.

आणि उड्या दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. कर्नलचा शेड्युलर, म्हणजे कोणता थ्रेड कुठे चालवायचा ते ठरवणारा भाग, तुम्हाला वाटतो तितका बेफिकीर नसतो. झोपलेला थ्रेड उठला की आधीचाच सीपीयू, नाहीतर त्याच्याशी कॅश (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) वाटून घेणारा दुसरा कुठला, हे तो आपणहून बघतो. गेल्या अर्ध्या मिलिसेकंदात चाललेल्या थ्रेडची कॅश अजून गरम आहे असं धरून भार वाटताना त्याला शक्यतो हलवत नाही. ५०० मायक्रोसेकंद ही त्याची ठरलेली मर्यादा आहे. हलवलंच, तर तुमच्या चिपवर नुकसान किती? एल-थ्री कॅश २५ एमबी, सगळ्या कोअरांना सामाईक. नव्या कोअरवर पुन्हा भरायची ती पी-कोअरची १.२५ एमबीची एल-टू. म्हणजे ६४ बाइटच्या साधारण २० हजार ओळी, त्याही एल-थ्रीतूनच. फार तर काहीशे मायक्रोसेकंद. सेकंदाला पाचपन्नास उड्या झाल्या तरी तुमच्या ४० सेकंदांत हा खर्च शोधायला दुर्बीण लागेल. ‘पर्फ स्टॅट’ ही मोजमापाची आज्ञा देऊन ‘सीपीयू-मायग्रेशन्स’चा आकडा बघा आणि स्वतःच गुणाकार करा.

आता तो १९०. आठ थ्रेडचं सगळं काम एका सीपीयूने एकट्याने १९० सेकंदांत केलं. तेच काम मोकळं सोडल्यावर ४० सेकंदांत झालं. म्हणजे आठ थ्रेड लावून फायदा मिळाला पावणेपाचपट. आठपट कधीच मिळत नाही हे मान्य. एकटा कोअर जरा जास्त वेगाने पळतो, एखादा थ्रेड ई-कोअरवर गेला असेल, मेमरीची रुंदीही सगळ्यांत वाटली जाते. पण पी-कोअर आठ असताना पावणेपाच हे मला कमी वाटतं. माझा संशय त्या अ‍ॅरेवर आहे.

तुम्ही लिहिलंय की प्रत्येक थ्रेड आपली मोजणी ‘अ‍ॅटॉमिक’ (एका वेळी एकच थ्रेड बदलू शकेल अशा) आकड्यांच्या अ‍ॅरेतल्या आपल्या घरात वाढवतो. ८ घरं, प्रत्येकी ८ बाइट, एकूण ६४ बाइट. कॅशची एक ओळ बरोबर ६४ बाइटची. म्हणजे आठही आकडे एका ओळीत, फार तर दोन ओळींत. कोडमध्ये थ्रेड एकमेकांच्या घरात डोकावत नाहीत, पण हार्डवेअरला घरं दिसत नाहीत, ओळ दिसते. एका कोअरने आपला आकडा वाढवला की बाकीच्यांकडची ती ओळ रद्द. मग दुसरा ती ओढून घेतो, मग तिसरा. एकाच वहीत आठ कारकून लिहायला बसवल्यासारखं, पानं वेगळी असली तरी वही एकच. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. आणि गंमत बघा: ‘टास्कसेट ८’ मध्ये सगळे थ्रेड एकाच कोअरवर असल्यामुळे वही कुठे फिरलीच नाही. म्हणून ते १९० सेकंद हे विनाभांडणाचे आहेत.

पिनिंग यावर औषध नाही. आठ थ्रेड आठ वेगळ्या कोअरांना नीट बांधलेत तरी ही ओढाताण सुरूच राहणार. औषध दोन ओळींचं आहे: थ्रेडने आपल्या स्थानिक चलात मोजावं आणि शेवटी एकदाच अ‍ॅरेत लिहावं. ते जमत नसेल तर ‘अलाइनअ‍ॅज ६४’ लावून प्रत्येक आकड्याला स्वतंत्र ओळ द्या. आधी खात्री हवी असेल तर ‘पर्फ सी-टू-सी’ नेमकं हेच पकडण्यासाठी आहे.

हे दुरुस्त केल्यावर मग पिनिंगचा विचार करा. तुमच्या चिपवर त्याचं एक रास्त कारण आहेही. काम आठांत सारखं वाटलंय आणि एक थ्रेड ई-कोअरवर अडकला, तर बाकी सात संपवून त्याची वाट बघत बसतात. अशा वेळी आठही थ्रेडना मिळून पी-कोअरांचा सामाईक मास्क द्या, ५५५५ किंवा सरळ ०-१५. आत कोण कुठे बसेल ते कर्नलला ठरवू द्या. एकेक थ्रेड एकेका कोअरला खिळवायचा मोह टाळा. त्या कोअरवर क्षणभर दुसरं काही आलं तर तो थ्रेड शेजारी सरकू शकत नाही. माझं विचाराल तर मी मास्क लावण्याआधी कामाचे आठ मोठे तुकडे करण्याऐवजी शंभर छोटे करून रांगेत लावेन. मग ई-कोअरवाला चार तुकडे कमी उचलेल, एवढंच.

कोडमधून करायचं असेल तर ‘पीथ्रेड सेट-अ‍ॅफिनिटी एनपी’. यातलं ‘एनपी’ म्हणजे हे इतर युनिक्सवर असेलच असं नाही. चालू प्रोसेसला बाहेरून बांधताना ‘मायनस पी’ देतात, पण त्याने फक्त त्या एका क्रमांकाचा थ्रेड, म्हणजे सहसा मुख्य थ्रेड, बदलतो. आधीच जन्मलेले बाकीचे तसेच मोकाट. सगळ्यांना लावायचं तर सोबत ‘मायनस ए’ हवं. ‘टास्कसेट लावलं पण काही फरकच नाही’ या तक्रारींत कितीतरी वेळा हेच निघतं.

मास्क वारसाहक्काने पुढे जातो हेही ध्यानात असू द्या. फोर्क झालेल्या मुलाला, म्हणजे प्रोसेसने जन्म दिलेल्या नव्या प्रोसेसला, तो मिळतो, एक्झेक झाल्यावरही, म्हणजे तिच्यात दुसरा प्रोग्राम चढवल्यावरही, टिकतो. एकदा मी चाचणीसाठी टर्मिनलमधला शेलच एका सीपीयूला बांधला आणि विसरलो. दुपारभर बिल्ड रडतखडत चालला होता आणि मी डिस्कला शिव्या घालत होतो. शेवटी सहज ‘एनप्रॉक’ दिलं तर उत्तर आलं १. एनप्रॉक मशीनमधले सीपीयू मोजत नाही, तुम्हाला परवानगी असलेले मोजतं. आणि बिल्ड चालवणारा माझा मेक त्यालाच विचारून किती कामं समांतर चालवायची ते ठरवत होता. तेव्हापासून संशय आला की मी ‘प्रॉक’खालची त्या प्रोसेसची ‘स्टेटस’ फाइल उघडून ‘सीपीयूज अलाउड लिस्ट’ ही ओळ आधी वाचतो.

खरंच कोअर राखून ठेवायचा असेल, म्हणजे रुमाल नव्हे, रीतसर आरक्षण, तर बाकीच्यांना तिथून हटवावं लागतं. त्यासाठी सीग्रुपचे (कर्नलमधल्या प्रोसेसच्या गटांचे) सीपीयूसेट आहेत. सेवा चालवणारं सिस्टिमडी असेल तर सर्व्हिसच्या फाइलीत ‘अलाउड सीपीयूज’ लिहून इतर सेवा बाजूच्या कोअरांवर ढकलता येतात. बूट करतानाच कोअर वेगळे काढायचे तर ‘आयसोलसीपीयूज’. इथे एक खड्डा आहे, त्यात भलेभले पडतात. आयसोलसीपीयूजने वेगळ्या काढलेल्या कोअरांवर शेड्युलर भार वाटतच नाही. तुम्ही आठ वेगळे कोअर काढलेत आणि प्रोग्रामला आठांचा सामाईक मास्क दिलात, तर सगळे थ्रेड त्यातल्या एकाच कोअरवर गर्दी करून बसू शकतात आणि कुणी त्यांना उठवायला येत नाही. वर मी सामाईक मास्क द्या म्हटलं, ते साध्या कोअरांसाठी. आयसोलसीपीयूज वापरलं की मात्र एकेक थ्रेड हाताने बांधावाच लागतो. शिवाय इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरकडून येणाऱ्या हाका, उरतातच. ते वेगळ्या मास्कने चालतात आणि आयआरक्यूबॅलन्स ही सेवा त्यांना हलवत असते. ‘प्रॉक इंटरप्ट्स’मध्ये तुमच्या कोअरचा रकाना वाढताना दिसला तर आरक्षण अजून अर्धवट आहे.

मोठ्या सर्व्हरवर काय होतं त्याचा एक किस्सा सांगतो. एका जुन्या नोकरीत ३२ कोअरांच्या एका मशीनवर तीन टीमचे प्रोग्राम होते. तिघांनीही, एकमेकांना न विचारता, आपापला प्रोग्राम ‘जलद व्हावा म्हणून’ ०-३ ला बांधला होता. शून्यापासून मोजायची सवय सगळ्यांनाच! चार कोअर तापलेले, अठ्ठावीस कोअर माशा मारत, आणि बैठकीत नवं मशीन मागायची चर्चा. तिन्ही स्क्रिप्टमधली ती ओळ काढून टाकली आणि चर्चा संपली.

विंडोजचंही विचारलंत. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये प्रोसेसवर राइट-क्लिक करून ‘सेट अ‍ॅफिनिटी’; पण प्रोग्राम बंद झाला की ते गेलं. दर वेळी हवं असेल तर कमांड प्रॉम्प्टवर ‘स्टार्ट’ आज्ञेला ‘अ‍ॅफिनिटी’ द्या, तिथेही आकडा हेक्साडेसिमलच, म्हणजे पुन्हा ५५५५. तिथला मास्क ६४ बिटांचा, त्यामुळे ६४ हून जास्त सीपीयू असले की विंडोज त्यांचे गट पाडतं. तुमच्या २० ला त्याची झळ नाही. मॅकवर वेळ घालवू नका. अ‍ॅपलच्या एम-चिपवर ठरावीक कोअरला बांधायची सोयच नाही, फक्त कामाचा दर्जा सांगता येतो.

शेवटी तुमचं ते ‘पुढे दोन सॉकेटच्या सर्व्हरवर हलवणार आहे’. तिथे मी इतका नाक मुरडणार नाही, कारण तिथे थ्रेड सॉकेट (म्हणजे एक प्रोसेसर चिप) ओलांडून गेला तर त्याची मेमरी मागेच राहते आणि प्रत्येक वाचन पलीकडून करावं लागतं. मात्र तिथेही नुसता थ्रेड बांधून भागत नाही. लिनक्स मेमरीचं पान मॅलॉक केलं, म्हणजे मेमरी मागितली, तेव्हा देत नाही, पहिल्यांदा जो हात लावतो त्याच्या नोडवर (सॉकेट आणि त्याची जवळची मेमरी) देतं. मुख्य थ्रेडने सुरुवातीला सगळे बफर शून्याने भरले की सगळी मेमरी त्याच्याच सॉकेटला जाते, मग बाकीचे कितीही छान बांधा. त्यामुळे बफर ज्याचा, त्यानेच तो पहिल्यांदा भरावा, आणि तोही बांधून झाल्यावर. आठच थ्रेड असतील तर त्याहून सोपं: ‘न्यूमासीटीएल’ या आज्ञेला ‘सीपीयूनोडबाइंड’ आणि ‘मेमबाइंड’ दोन्हींत एकच नोड देऊन सगळा प्रोग्राम एका सॉकेटवर बसवा.

आधी ती मोजणी स्थानिक चलात नेऊन, कुठलंही टास्कसेट न लावता एकदा चालवा. ४० चे किती होतात ते इथे टाका, सोबत ‘पर्फ स्टॅट’चं आउटपुटही.