वाचकांचे प्रश्न : केबल लांबली की चित्र फिके पडते काय?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील आमच्या कवेलूच्या घरात, जिथे पूर्वी वेचणीचा कापूस भरून ठेवत असू, त्या खोलीत मी प्रोजेक्टर बसवला आहे. प्लेअर कोपऱ्यातील कपाटात आहे आणि तिथून छताच्या फाट्यावरून नेलेली एचडीएमआय केबल (चित्र आणि आवाज नेणारी) 12 मीटर भरते. जुन्या फुल एचडी प्लेअरवर चित्र उत्तम दिसे. त्याच्या चौपट बारकाव्याचा फोर-के प्लेअर जोडल्यापासून मात्र पांढरे ठिपके चमकतात आणि मध्येच पडदा काळा होतो. लांब पाइपात पाण्याचा दाब घटतो तसे लांब केबलीत रंग उतरतात, म्हणून सोन्याचा मुलामा असलेली महाग केबल घ्यावी, असे दुकानदारांचे म्हणणे आहे. घ्यावी काय?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : घेऊ नये. दुकानदारांचा दाखला जुन्या व्हीजीए किंवा तीन रंगी पिनांच्या केबलींना लागू पडतो. त्यांत लांबीबरोबर चित्र खरोखरच मऊ, धूसर होत जाई. एचडीएमआयमधून आकडे जातात. बाजार समितीत कापसाची बोली दुरून ऐकली तरी ‘सात हजार’ कानी पडले की भाव सात हजारच. जवळ उभ्या असलेल्याला तो वाढून मिळत नाही. आकडा नीट ऐकूच आला नाही तर मात्र गोंधळ होतो, आणि आपल्या पडद्यावरील ठिपके म्हणजे असे चुकीचे ऐकलेले आकडे होत.

आकडे चुकीचे ऐकले जातात, कारण फोर-केमध्ये ते फार घाईने बोलावे लागतात. फुल एचडी चित्राला, सेकंदाला 60 चौकटी (म्हणजे 60 चित्रे) धरल्यास, सेकंदाला सुमारे साडेचार गिगाबिटचा (एक गिगाबिट म्हणजे शंभर कोटी आकडे) वेग पुरतो. फोर-केला त्याच्या चौपट, म्हणजे जवळपास 18 गिगाबिट लागतो. साध्या तांब्याच्या केबलीवर हा वेग पाच-सात मीटरच्या पुढे भरवशाचा राहत नाही. मुलाम्याने पिनेला गंज धरत नाही, एवढाच त्याचा उपयोग.

प्रथम दोन मीटरची केबल मागून आणून प्लेअर प्रोजेक्टरजवळ स्टुलावर ठेवून पाहावा. ठिपके गेले, तर दोष त्या लांब केबलीचाच. मग प्लेअर कायमचा तिथेच हलवून स्पीकरच्या तारा लांबवणे हा माझ्या मते सर्वांत स्वस्त मार्ग. खर्च नको असेल, तर प्लेअरच्या सेटिंगमध्ये सेकंदाला 24 चौकटी निवडाव्यात. वेगाची गरज निम्मी होते आणि बहुतेक चित्रपट 24 चौकटींचेच असल्याने त्यांत काही गमावत नाही.

कपाट हलवायचेच नसेल, तर आत काचेचे तंतू असलेली ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. ती काटकोनात मुडपू नये, आणि कापसाच्या खोलीत उंदीर असतातच, म्हणून प्लॅस्टिकच्या पाइपातून न्यावी. पाइप मात्र केबलीचे टोक आत शिरेल इतका रुंद हवा. या केबलीला दिशा असते : ‘सोर्स’ लिहिलेले टोक प्लेअरला आणि ‘डिस्प्ले’ लिहिलेले प्रोजेक्टरला. उलट जोडल्यास पडदा कोराच राहतो, तेव्हा फाट्यावर चढवण्याआधी ती जमिनीवरच एकदा जोडून पाहावी.