डोंगरवाटा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. माझे वय ५२ वर्षे, पत्नीचे ४८ आणि मुलाचे १४ आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघेही कळसूबाई चढून आलो. येत्या ऑगस्टमधील सुट्यांत हरिश्चंद्रगडावर एक रात्र मुक्काम करून कोकणकडा आणि जमल्यास इंद्रवज्र (दरीतील ढगावर दिसणारे गोल इंद्रधनुष्य) पाहावे, असे मनात आहे. मुलाने नळीच्या वाटेच्या चित्रफिती पाहिल्या असून तो त्याच वाटेचा हट्ट धरून बसला आहे. कोणत्या वाटेने जावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तिघांनी मिळून कळसूबाई केली आहे, म्हणजे दमसासाची चिंता नाही; चिंता आहे ती वाटेची आणि महिन्याची. हरिश्चंद्रगडाची उंची सुमारे १,४२४ मीटर, म्हणजे १,६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षा कमी आहे. परंतु उंचीवरून या गडाचा अंदाज कधीही बांधू नये. एकाच माथ्यावर पोहोचणाऱ्या त्याच्या वाटा इतक्या निरनिराळ्या स्वभावाच्या आहेत, की गड अवघड आहे का, या प्रश्नाला वाटेचे नाव ठाऊक असल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

नळीची वाट कोकणच्या बाजूने, बेलपाडा-वाल्हीवरे परिसरातून वर चढते. ती मुळात पाण्याने कोरलेली घळ आहे, त्यामुळे पावसाळ्यात तिथे वाट उरत नाही, पाणी उरते. आणि पाण्याबरोबर सुटे धोंडेही खाली येतात. कोरड्या दिवसांतसुद्धा पुढच्या माणसाच्या पायाखालून निसटलेला दगड मागच्याच्या अंगावर येण्याची धास्ती तिथे असते. मुलाचा उत्साह मोडू नका. त्याला आणखी काही डोंगर हिंडू द्या आणि पुढे एखाद्या हिवाळ्यात, दोर हाताळणाऱ्या जाणत्या सोबत्यांबरोबर ही वाट त्याला अवश्य करू द्या. या ऑगस्टमध्ये मात्र तिचा विचारही करू नका.

खिरेश्वरची वाट जुनी आणि सुंदर आहे. कल्याण-नगर महामार्गावरील खुबी फाट्यावरून खिरेश्वर गाठावे, तोलार खिंडीत चढावे आणि कठडे लावलेला कातळाचा टप्पा ओलांडून पठारावर यावे, असा तिचा क्रम आहे. अडचण पुढे सुरू होते. मंदिरापर्यंतचे पठार बरेच लांब आणि चढउतारांचे आहे. धुके दाटले की दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो आणि गुरांच्या वाटा माणसांच्या वाटांसारख्याच भासू लागतात. वाटाड्याशिवाय पावसाळ्यात तिथे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यासाठी पाचनईची वाट योग्य आहे. नाशिकहून घोटी-राजूरमार्गे पाचनईला पोहोचता येते आणि तिथून साधारण अडीच-तीन तासांत हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर गाठता येते. वाटेचा एक टप्पा पुढे झुकलेल्या प्रचंड कातळभिंतीच्या पोटातून जातो. डाव्या-उजव्या बाजूने धबधबे कोसळत असतात आणि आपण मात्र कोरड्या कातळाखालून चालत असतो. हे दृश्य पाहायला पावसाळ्यातच यावे, यात वाद नाही.

मात्र याच वाटेवर ओढा ओलांडावा लागतो आणि माझ्या मते खरी परीक्षा तिथेच आहे. सकाळी नऊ वाजता घोट्याएवढे असलेले पाणी माथ्यावर तासभर जोराचा पाऊस झाला की दुपारी मांडीपर्यंत चढलेले असू शकते, आणि खाली पाऊस नसतानाही हे घडते. पाण्याचा रंग पाहत राहा. नितळ पाणी अचानक गढूळ झाले, त्यातून पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागल्या, की वरून लोंढा येत आहे, असे समजावे आणि काठापासून दूर, उंचावर थांबावे. गुडघ्याच्या वर वेगाचे पाणी असेल तर ते ओलांडू नये. ओलांडण्याजोगे असेल तेव्हाही पाठपिशवीचा कमरेचा पट्टा आधी सोडावा, म्हणजे पाय घसरल्यास ओझे झटकन टाकून देता येते. ओढ्याचा जोर पाऊस थांबल्यावर काही तासांत ओसरतो, म्हणून अशा वेळी थांबणे हाच सर्वांत सुरक्षित उपाय असतो. त्यासाठी दिवसात वेळ शिल्लक हवा. सकाळी सातच्या सुमारास पाचनई सोडा आणि दुपारी दोन वाजता, कोकणकडा पाहून झालेला असो वा नसो, परतीला लागा.

ऑगस्टमध्ये गडावर मुक्काम करू नये, असेच मी सुचवेन. गुहांमध्ये ओल असते, ओले कपडे वाळत नाहीत आणि रात्रभराच्या पावसानंतर सकाळी ओढा अडवून बसेल का, हे सांगता येत नाही. पाचनईत गावकऱ्यांच्या घरी आदल्या रात्री मुक्काम केल्यास पिठले-भाकरी मिळते, पहाटे निघता येते आणि वाटाड्याही तिथेच ठरवता येतो. जुलैत भाताच्या आवणीमुळे सगळे गाव शेतात असते आणि पावसाने ओढ दिली की ती कामे ऑगस्टपर्यंत लांबतात. म्हणून वाटाड्याशी दोन-चार दिवस आधी बोलून ठेवावे आणि मोबदल्यात घासाघीस करू नये. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तेव्हा मुक्कामाचे आणि प्रवेशाचे नियमही गावात आधी विचारून घ्यावेत. केदारेश्वराच्या गुहेतील पाण्याने वेढलेले शिवलिंग पाहण्याची इच्छा असेल, तर पावसाळ्यात तिच्यापुढून वाहणाऱ्या प्रवाहामुळे तिथे जाणे अनेकदा शक्य होत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

इंद्रवज्राविषयी. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने कोकणकड्यावरून ते पाहिल्याची नोंद प्रसिद्ध आहे. सूर्य पाठीशी आणि समोर दरीत आपल्या पायांखालच्या पातळीला ढग, अशी स्थिती जुळली म्हणजे ढगावर पडलेल्या आपल्या सावलीभोवती रंगांची पूर्ण वर्तुळे दिसतात. शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला त्या वर्तुळाच्या मध्यभागी स्वतःच्याच डोक्याची सावली दिसते. कडा पश्चिमेकडे पाहतो, त्यामुळे सकाळचे कोवळे ऊन त्यासाठी हवे. आणि भर ऑगस्टमध्ये ऊनच दुर्मीळ असते. कोकणकडाही त्या दिवसांत बहुतेक वेळा पांढऱ्या भिंतीसारखा असतो. तो आतल्या बाजूला वळलेला असल्याने काठावर उभे असताना पायाखाली आधार किती आहे, ते कळत नाही. ओल्या गवतात काठाकडे जाऊ नये. कोरड्या दिवशीही पालथे झोपूनच खाली पाहावे. कडा हेच आपले मुख्य आकर्षण असेल, तर सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ निवडा. सप्टेंबरात पठारावर सोनकी फुललेली असते आणि सकाळी दरीत ढगही असतात. इंद्रवज्राची थोडीफार आशा धरावी, ती तेव्हाच.

प्रश्न : माझी मुलगी महाविद्यालयात शिकते. समाजमाध्यमांवरील जाहिरात पाहून तिला मैत्रिणींबरोबर रविवारी हरिहर किल्ल्यावर जायचे आहे. आयोजक विश्वासू आहे की नाही, हे कसे ओळखावे?
— एक पालक, ठाणे

उत्तर : राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून त्यानुसार आयोजकांनी पर्यटन विभागाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे, पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारावा. त्यानंतर मुलीने स्वतः फोन करून बोलावे. एकूण किती जण येणार आणि त्यांच्यासोबत अनुभवी किती, सर्वांत शेवटी कोण चालणार, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे आणि पाऊस वाढल्यास मोहीम कुठून मागे फिरवणार, एवढे विचारले तरी बरेच कळते. 'आजवर कधीच परत फिरलो नाही' असे कोणी अभिमानाने सांगत असेल, तर त्याच्याबरोबर पाठवू नये.

हरिहरबाबत मला आयोजकापेक्षा वाराची काळजी अधिक वाटते. निरगुडपाड्याहून येणारी वाट ज्या खड्या, कातळात कोरलेल्या पायऱ्यांवर संपते, त्याच पायऱ्यांवरून चढणारे आणि उतरणारे एकमेकांना ओलांडतात. बोटे रोवायला खोबणी आहेत, पण त्या एका माणसापुरत्या. पावसाळी रविवारी तिथे रांग लागते आणि ओल्या पायरीवर ताटकळत उभे राहण्यातच पाय थरथरू लागतात. मधल्या वारी आणि पाऊस ओसरल्यावर जाणे शक्य असेल तर किल्ला तोच असूनही अनुभव निराळा मिळेल.

प्रश्न : किल्ल्यांवर मधमाश्यांच्या हल्ल्यांच्या बातम्या वाचून भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कड्यांना आणि बुरुजांना लागलेली पोळी बहुधा आग्या मोहोळाची असतात. धूर, उग्र अत्तर, मोठा आवाज आणि दगडफेक यांनी त्या माश्या चवताळतात, तेव्हा पोळ्याच्या आसपास चूल पेटवू नये आणि शांतपणे पुढे जावे. हल्ला झालाच तर हात झाडू नयेत. चिरडलेल्या माशीच्या वासाने इतर माश्या आणखी येतात. डोके-चेहरा कापडाने झाकून लवकरात लवकर दूर जावे, मात्र काठावर किंवा अरुंद वाटेवर धावू नये. तिथे अंग झाकून खाली बसावे. काटा त्वचेत राहिला तर विष उतरत राहते, म्हणून तो नखाने किंवा पत्त्याच्या कडेने ताबडतोब खरवडून काढावा. ओठ-चेहरा सुजणे, श्वास लागणे, चक्कर येणे यांपैकी काहीही दिसले किंवा डंखांची संख्या जास्त असली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत रुग्णाला आडवे ठेवावे. धाप लागली असेल तर टेकवून बसवावे.