केगच्या नळातून फेसच का येतो?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असताना हौसेने घरी बिअर करीत असे. परतताना त्याने 19 लिटरची स्टीलची केग (वायूच्या दाबाखाली पेय साठवायचे पिंप), रेग्युलेटर आणि नळ सोबत आणला. येथे आम्ही तिच्यात आले-लिंबाचे सरबत भरून कार्बन डायऑक्साइड सोडतो. बिअरसाठी सांगितलेला 12 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब ठेवूनही निम्मा ग्लास फेसाने भरतो आणि खाली उरलेले सरबत मिळमिळीत लागते. दाब आणखी कमी करावा का?
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : दाब मुळीच कमी करू नये. अमेरिकेत घरगुती बिअरला 1978 च्या केंद्रीय कायद्याने मोकळीक मिळाली. मध्य प्रदेशात मात्र 1915 च्या आबकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, तेव्हा आपण सरबत भरता हे योग्यच आहे. शिवाय या केग शीतपेयांच्या कंपन्यांनीच पाक पोचवण्यासाठी वापरात आणल्या होत्या, त्यामुळे आपली केग स्वगृही परतली असेच म्हणायचे.

आता फेसाकडे वळू. 12 पीएसआय हा आकडा सुमारे 4 अंश सेल्सियसला थंड केलेल्या बिअरचा आहे; केग खोलीत 30 अंशांवर असेल, तर त्याच दाबाला निम्म्याहूनही कमी वायू विरघळतो आणि जो विरघळतो तोही बाहेर पडायला टपलेला असतो. म्हणून केग फ्रिजमध्येच हवी. त्यातही सोड्याला बिअरपेक्षा बराच अधिक वायू लागतो, त्यासाठी 4 अंशांवर 22 ते 24 पीएसआय दाब आठवडाभर तसाच ठेवावा. केग हलवल्याने काम लवकर होते, पण नेमका किती वायू मुरला याचा अंदाज चुकतो.

एवढ्या दाबाने पेय नळाशी आदळले की फेस होणारच, आणि त्यावरचा उपाय केगपासून नळापर्यंतच्या नळीच्या लांबीत आहे. सुमारे 5 मिलिमीटर आतील व्यासाची नळी बिअरला 10 फूट पुरते. आपल्याला ती 20 फुटांच्या आसपास लागेल, कारण घर्षणाने दाब वाटेतच हळूहळू उतरला पाहिजे. नळीचे वेटोळे फ्रिजच्या आतच ठेवावे. नळ तापलेला असल्याने पहिल्या ग्लासात थोडा फेस येईल, त्याची काळजी करू नये. सरबत मात्र दुहेरी मलमलीतून गाळावे: आल्याच्या बारीक तंतूंवर बुडबुडे धरतात आणि केगच्या तळापर्यंत गेलेली नळीही चोंदते. नळ आणि जोड स्टीलचे आहेत ना, हे पाहून घ्यावे, कारण वायू मिसळलेले आंबट पेय पितळेतील तांबे विरघळवते.

सिलिंडरबाबत इंदुरात विशेष जपावे. 31 अंशांच्या वर त्यातील कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. मे महिन्यात गच्चीवर किंवा बंद गाडीत सिलिंडर ठेवणे म्हणूनच धोक्याचे. तो सावलीत, हवेशीर जागी उभा बांधून ठेवावा आणि प्रत्येक जोडाला साबणाचे पाणी लावून गळती तपासावी.