पुस्तकाचं नंतर बघू काका, आधी तो सहा लाखांचा हप्ता थांबवा

प्रश्न (थोडक्यात): मी ६१ वर्षांचा, एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून ५८ व्या वर्षी रिटायर झालो. पीएफ, ग्रॅच्युइटी मिळून ३४ लाख आले, पेन्शन महिना ४,१००. नोकरीतल्या आठवणींचं पुस्तक लिहून तयार आहे. एक प्रकाशन संस्था १,८५,००० च्या पॅकेजमध्ये ५०० प्रती, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), मुखपृष्ठ, प्रकाशन समारंभ सगळं करून देते. किंमत ३५० ठेवली तर १.७५ लाख परत येतात, म्हणजे खर्च निघाल्यातच जमा. १ जूनला एसटीच्या वर्धापनदिनी प्रकाशन करायचंय. त्यासाठी एफडी मोडू का? आणि रॉयल्टीवरची टॅक्सची सूट कशी घ्यायची? बाकी काळजी नाही, ३ लाख घराच्या स्लॅबला गेले, १२ लाख बँकेतल्या मॅडमनी चांगल्या गॅरंटीड योजनेत घातलेत, तिचा १० जूनचा ६ लाखांचा हप्ता एफडीतून भरणार आहे. कागद सोबत जोडलेत.

काका, तुमचं पत्र चार पानांचं, त्यातली साडेतीन पानं पुस्तकावर आणि ही योजना शेवटी दोन ओळीत, "बाकी काळजी नाही" म्हणून. मी कागद उघडले आणि पुस्तक बाजूलाच राहिलं.

ती योजना नाहीये, ती आयुर्विम्याची पॉलिसी आहे. वर्षाला ६ लाख, सलग ७ वर्षं. तुम्ही दोन हप्ते भरलेत, पाच राहिलेत, म्हणजे ३० लाख. आता तुमच्याकडे काय आहे? ३४ मधून १२ गेले, ३ स्लॅबला गेले, राहिले १९. पेन्शन ४,१००. हे ३० लाख कुठून येणार होते, हे त्या मॅडमनी तुम्हाला विचारलं का? तिसरा हप्ता गेला की १३ उरतील, चौथा गेला की ७, पाचवा भरल्यावर १ लाख, आणि सहाव्याला तुम्ही मुलाकडे हात पसरणार, ज्याच्या डोक्यावर तुमच्याच पत्राप्रमाणे पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज आहे. आणि हा हिशोब तुम्ही घरखर्चाला एफडीतून एक रुपया काढत नाही असं धरून केलाय, जे ४,१०० च्या पेन्शनीत शक्यच नाही.

बरं, हे सगळं भरून मिळणार काय तर नवव्या वर्षापासून १५ वर्षं दरवर्षी ३ लाख आणि शेवटी भरलेले ४२ लाख परत. ऐकायला भारी वाटतं, ४२ चे ८७ होतात, मॅडमनी कागदावर पेनाने "डबल+" लिहून त्याला गोलही केलाय. पण पहिले ३ लाख हातात येतील तेव्हा तुम्ही ६७ चे आणि ते ४२ लाख येतील तेव्हा ८१ चे. सगळं वर्षवार मांडलं तर परतावा पडतो ५ टक्के. गॅरंटीड आहे हे खरंय, पाचच टक्क्यांची गॅरंटी आहे. तिकडे पोस्टात सीनियर सिटिझन स्कीम सध्या ८.२ टक्के देते, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात, आणि तीही सरकारची. आणि मॅडमचं ते "टॅक्स फ्री"सुद्धा खोटं, एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसीत वर्षाचा प्रीमियम ५ लाखांच्या वर गेला की मॅच्युरिटीची ती सूट मिळत नाही. तुमचा ६ लाख आहे. हे विकणाऱ्या माणसाला माहीत नसेल तर कठीण, आणि माहीत असेल तर जास्त कठीण.

आता एक काम करा, पॉलिसीच्या बाँडच्या मागे प्रपोजल फॉर्मची, म्हणजे पॉलिसीसाठी भरलेल्या अर्जाची, कॉपी आहे, त्यात "वार्षिक उत्पन्न" बघा. मी बघितलं, ११ लाख लिहिलंय. व्यवसायाच्या रकान्यात "बिझनेस". अक्षर तुमचं नाही, सही तुमची आहे. एसटीतून रिटायर झालेला, ४,१०० पेन्शनचा माणूस कागदावर ११ लाखांचा बिझनेसमन झाला कारण त्याशिवाय ही पॉलिसी पास झाली नसती. राग येतो हो अशा वेळी, आणि दर महिन्याला माझ्याकडे असं एक तरी पत्र येतं.

म्हणून पहिलं, तिसरा हप्ता भरायचा नाही. नुसतं मनात ठरवून चालणार नाही, खात्याला ऑटो-डेबिट लागलंय, एफडी मोडून पैसे सेव्हिंगला आणून ठेवलेत की ते आपोआप जातील. बँकेला लेखी द्या की हे ऑटो-डेबिट बंद करा. दुसरं, इन्शुरन्स कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा, आज सरेंडर केली, म्हणजे मोडली, तर किती आणि पेड-अप केली तर पुढे किती. सरेंडरला तिसऱ्या वर्षात कमीत कमी भरलेल्याच्या ३५ टक्के मिळतात, म्हणजे १२ लाखांचे ४ लाख २० हजार, कदाचित थोडे जास्त. पेड-अप म्हणजे पुढे भरायचं नाही, पॉलिसी छोटी होऊन चालू राहते, अंदाजे सातातले दोन हिस्से, म्हणजे ६७ पासून वर्षाला ८५ हजारांच्या आसपास आणि शेवटी १२ लाख. ८ लाखांवर पाणी सोडण्यापेक्षा पेड-अप बरं, आकडे हातात आले की बघूच.

पण त्याआधी तक्रार. फॉर्ममधलं खोटं उत्पन्न हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला आणि बँकेला लिहा की मला योजना म्हणून विकली, उत्पन्न खोटं लिहिलं, पूर्ण पैसे परत द्या. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा नाही म्हणाले तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जायचं, पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, चालतही नाही. १२ च्या १२ मिळतीलच असं मी म्हणत नाही, पण प्रयत्न न करता सोडण्यासारखी ही रक्कम नाही.

१९ लाखांतले १५ सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाका, तिमाहीला ३०,७५० येतील, पेन्शन धरून महिना १४ हजारांच्या वर जातो. ३ लाख एफडीतच राहू द्या दवाखान्यासाठी (मेडिक्लेम आहे का हे पत्रात लिहिलेलंच नाही, ते कळवा). उरला १ लाख.

हां, आता पुस्तक. १,८५,००० भागिले ५०० म्हणजे एक प्रत तुम्हाला ३७० ला पडते आणि किंमत ठेवताय ३५०! सगळ्या प्रती छापील किमतीला विकल्या तरी तोटा, आणि दुकानदार ४० टक्के कापून घेतो म्हणजे हातात २१०, सगळ्या विकून १ लाख ५ हजार. आणि ५०० विकल्या जात नाहीत काका, पलंगाखाली जातात. पैसे प्रकाशकाने घालायचे आणि लेखकाला रॉयल्टी द्यायची, तो प्रकाशक. लेखकाकडूनच पैसे घेतो तो छपाईचा कॉन्ट्रॅक्टर, मग त्याला कॉन्ट्रॅक्टरसारखेच भाव विचारायचे. पॅकेजमध्ये आयएसबीएनचे ८ हजार लावलेत, तो सरकार फुकट देतं, लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. टॅक्सची सूट म्हणाल तर जुन्या करप्रणालीत रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत आहे, पण तुमचं उत्पन्नच करपात्र नाही आणि रॉयल्टी अजून जन्माला यायचीय.

१६० पानांच्या २०० प्रती चांगल्या डिजिटल प्रेसमध्ये प्रतीला शंभर-सव्वाशेत होतात, म्हणजे २५ हजार धरा. मुद्रितशोधनाला १०-१२, मुखपृष्ठाला ५. चाळीस-पंचेचाळीस हजारांत पुस्तक हातात, वरच्या १ लाखातून, एफडीला धक्का न लावता. आधी दोन प्रकरणं दिवाळी अंकांना पाठवा, मानधन येवो न येवो, बाहेरचा संपादक वाचेल. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिच्या अटी वाचून अर्ज करून ठेवा, वेळ लागतो. १ जून या वर्षी चुकला तर चुकला, पहिली एसटी १९४८ ला सुटली, ती दरवर्षी वर्धापनदिन करते. आणि वयाचं मनात आणू नका, लक्ष्मीबाई टिळकांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९३४ ला आला तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या.

तुम्ही पाठवलेलं ते प्रकरण वाचलं, शेवटची गाडी गेल्यावर स्टँडवर अडकलेल्या प्रवाशांची नावं तुम्ही लॉगशीटच्या मागे लिहून ठेवायचात आणि सकाळी पहिल्या गाडीला त्यांना नावाने हाक मारायचात. ते पुस्तकाच्या मध्यात कशाला, पहिलंच घ्या.

ऑटो-डेबिटचं पत्र उद्याच द्या, दोन कॉप्या न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, सही घेऊनच काउंटर सोडा. पोच नसली की काय होतं हे कंट्रोलरला मी काय सांगणार.