तुमचे प्रश्न: पुन्हा लांबच्या प्रवासाला

माझी कार्बोरेटरवाली ३५० सीसी मोटरसायकल १२ वर्षं शेडमध्ये उभी आहे. नवी बॅटरी टाकून सरळ चालू करून पाहू का?

थांबा. बॅटरी सर्वांत शेवटी. आधी टाकीचं झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलला पेट्रोलचा वास न येता वार्निशसारखा येत असेल तर ते सगळं काढून टाका. उभ्या गाडीतल्या पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि उरतो तो डिंकासारखा थर. तो बसतो पायलट जेटच्या, म्हणजे कार्बोरेटरमधून कमी वेगाला पेट्रोल सोडणाऱ्या नळीच्या, बारीक छिद्रात. अशी गाडी चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते; मालक मात्र प्लगच बदलत बसतो. कार्बोरेटर खोलून जेट क्लीनरने आणि हवेच्या झोताने साफ करून घ्या. तार घालू नका, छिद्र मोठं होतं आणि मग मिश्रण कधीच जुळत नाही.

नंतर प्लग काढून सिलिंडरमध्ये ५ मिलि इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी प्लग न लावताच किक हळू दाबून पाहा. अडकली तर जोर लावू नका, पिस्टनच्या रिंगा गंजून चिकटल्या असतील. एअर फिल्टरचा डबाही उघडा. उंदरांना तो फार आवडतो. ऑइल आणि फिल्टर आता बदला, ५०० किमीनंतर पुन्हा एकदा. क्लच दाबूनही गाडी गिअरमध्ये झेपावत असेल तर प्लेटा एकमेकींना चिकटल्या आहेत. इंजिन बंद ठेवून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून गाडी मागेपुढे ढकला, बहुधा सुटतात.

टायरवर नक्षी शाबूत दिसेल, पण भुलू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: २३१२ म्हणजे २०१२ सालचा २३वा आठवडा. इतकं जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. टायर आणि ट्यूब दोन्ही नवे घ्या. डिस्क ब्रेक असेल तर ब्रेक ऑइलही बदला. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पण ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग १५५ अंशांच्या आसपासच उकळू लागतं. लांबलचक उतारावर लिव्हर अचानक पोकळ लागते ती यामुळे.

१५ वर्षांच्या खंडानंतर एबीएसवाली (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेली) नवी गाडी घेतली. पुढच्या महिन्यात ६०० किमी जायचं म्हणतोय. जमेल?

जमेल, दोन दिवसांत विभागून. पहिल्या आठवड्यात ४०–५० किमीच्या फेऱ्या, मग १००, मग २००. हात-पाय आठवड्यात सरावतात, नजरेला वेळ लागतो. ताशी ८० किमी वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते आणि सवय मोडलेला माणूस नेमका तो सेकंद उशिरा सावध होतो.

रिकाम्या मैदानात ३०, ४०, मग ५० च्या वेगावरून थांबण्याचा सराव करा, प्रत्येकी दहा वेळा. पुढचा ब्रेक आधी हलका, वजन पुढे आलं की घट्ट. झटका दिलात तर एबीएस आपोआप काम सुरू करतं आणि लिव्हर बोटांखाली थरथरते. जुन्या सवयीने लगेच हात सैल पडतो. तो पडू देऊ नका, दाब तसाच ठेवा. वळणावर नजर जिथून बाहेर पडायचं तिथे. खड्ड्याकडे टक लावली की गाडी खड्ड्यातच जाते.

प्रवासात दर सव्वा तासाने उतरा, तहान नसली तरी पाणी प्या. इअरप्लग घाला, वाऱ्याच्या आवाजाने येणारा थकवा माणूस उगाच पाठीच्या नावावर खपवतो. हेल्मेट १५ वर्षांपूर्वीचं असेल तर टाकून द्या.

सामान बांधल्यावर ८० च्या पुढे हँडल डुगडुगतं. का?

जड पिशवी मागच्या चाकाच्याही मागे लटकते आहे. त्याने पुढचं चाक हलकं होतं. अवजारं, पाणी अशा जड वस्तू खाली आणि मधोमध, दोन्ही बाजूंना सारख्या. शेपटावर फक्त कपडे आणि झोपण्याची पिशवी. मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवा, टायरमधली हवा पुस्तिकेत दिलेल्या भारासाठीच्या आकड्याप्रमाणे भरा आणि हेडलाइट थोडा खाली करा.

तरीही डुगडुगलं तर पुढचं चाक अधांतरी करून फोर्क (चाक धरणारे दोन दांडे) मागेपुढे हलवा. ‘खट’ जाणवलं तर स्टीअरिंगचे बेअरिंग ढिले आहेत. आणि चालत्या गाडीत असं झालंच तर हँडल आवळू नका, ब्रेकही दाबू नका. गुडघे टाकीला चिकटवा आणि थ्रॉटल हळूहळू सोडा.