गुंतवणूक कायद्याचा अभ्यासक व्हायचंय: आधी प्रश्न, मग परदेशी पदवी

सांगलीहून एका वडिलांनी लिहिलं आहे: 'मुलगी पुण्यात पाच वर्षांच्या बीए एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. वकिली करायची नाही, वेगवेगळ्या देशांच्या कंपनी आणि गुंतवणूक कायद्यांचा तौलनिक अभ्यास करून प्राध्यापक व्हायचंय, म्हणते. त्यासाठी लंडनला एलएलएम (कायद्यातली पदव्युत्तर पदवी). चाळीस लाखांचं कर्ज काढू का? यात पोट भरतं का?'

नमस्कार,

कर्ज आत्ता काढू नका. चाळीस लाखांवर साडेदहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता 54 हजारांच्या घरात जातो. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये. तेही कायम जागा मिळाली तर. आपल्याकडे कितीतरी जणांना आधी तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं. कर्जाचं ओझं असलेली मुलं वर्षभरात लॉ फर्मकडे वळतात आणि अभ्यास तिथेच थांबतो.

विषय मात्र तिने उत्तम निवडला आहे. एक प्रकरण सांगतो, म्हणजे यात नेमकं काय करतात ते कळेल. व्हाइट इंडस्ट्रीज या ऑस्ट्रेलियन कंपनीला 2002 मध्ये कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीविरुद्ध लवादाचा निवाडा मिळाला. आपल्या न्यायालयांत तो वर्षानुवर्षं अडकून पडला. कंपनीने 1999 च्या भारत-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक कराराखाली भारत सरकारलाच लवादापुढे नेलं. दाद मागण्याचे परिणामकारक मार्ग देण्याची हमी त्या करारात नव्हती. ती भारत-कुवेत करारात होती. ऑस्ट्रेलियाच्या करारात 'सर्वाधिक अनुकूल राष्ट्रा'चं कलम होतं, म्हणजे दुसऱ्या देशाच्या गुंतवणूकदारांना दिलेली अधिक चांगली वागणूक यांनाही द्यायची. त्याच्या आधारे कुवेतची हमी इकडे ओढून आणता आली आणि 2011 मध्ये भारत हरला. पुढे 2015 च्या नमुना करारातून (नव्या करारांच्या वाटाघाटींसाठीचा मसुदा) भारताने ते कलमच काढून टाकलं आणि लवादाकडे जाण्याआधी पाच वर्षं स्थानिक न्यायालयांत दाद मागण्याची अट घातली. संयुक्त अरब अमिरातीशी 2024 मध्ये झालेल्या करारात ही मुदत तीन वर्षांवर आली. पाचाची तीन का झाली, त्यातून भारताला काय मिळालं, हा अभ्यासकाचा प्रश्न.

1999 चा ऑस्ट्रेलियाशी करार, 2015 चा नमुना आणि 2024 चा अमिरातीशी करार, हे तीन दस्तऐवज तिला या सुट्टीत शेजारी शेजारी ठेवून वाचू द्या. अंक्टाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविषयक संस्थेच्या इन्व्हेस्टमेंट पॉलिसी हब या संकेतस्थळावर करार आणि इटालॉ या संकेतस्थळावर निवाडे फुकट मिळतात. कोरा कागद घेऊन चार रकाने पाडायचे: गुंतवणुकीची व्याख्या, वागणुकीची हमी, करविषयक अपवाद, लवादाची वाट. प्रत्येक फरकापुढे एक ओळ: हा बदल कशामुळे झाला असावा? दोन आठवडे यात तिचा जीव रमला, तर ती या वाटेची. कंटाळली, तर तेही चाळीस लाखांच्या आधी कळलेलं बरं.

तौलनिक अभ्यासात मुलं हमखास चुकतात ती इथे: दोन देशांची कलमं शेजारी लावली की तुलना झाली, असं त्यांना वाटतं. आपल्या 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 166 संचालकाला भागधारकांबरोबर कर्मचारी, समाज आणि पर्यावरण यांचंही हित बघायला सांगतं. ब्रिटनच्या 2006 च्या कायद्याचं कलम 172 सभासदांचं हित केंद्रस्थानी ठेवतं आणि बाकीच्यांचा विचार करायला सांगतं. वाचताना आपलं कलम उदार वाटतं. पण संचालकाने ते मोडलं तर कर्मचारी कुठल्या दाराशी जाणार, किती वर्षं लागणार, याचं उत्तर कलमात नसतं. ते शोधणं हीच खरी तुलना.

आता क्रम. पाचवं वर्ष संपलं की सनद घ्यावी आणि बार कौन्सिलची परीक्षा (एआयबीई) देऊन टाकावी. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते, पण परतीची वाट राहते. मग भारतातच एलएलएम, शक्यतो जिथे आंतरराष्ट्रीय व्यापार किंवा गुंतवणूक कायदा शिकवणारा आणि प्रबंधाला वेळ देणारा प्राध्यापक आहे तिथे. विद्यापीठाच्या नावापेक्षा मार्गदर्शक बघा. एलएलएमला 55 टक्के हवेतच (आरक्षित गटांना 50), कारण त्याखाली नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देता येत नाही. एलएलएमच्या शेवटच्या वर्षातच नेटला बसता येतं. जोडीला सेट ही महाराष्ट्राची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा द्यावी. नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर पीएचडीला पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये मिळतात.

पीएचडीचा विषय 'भारतातील परकीय गुंतवणूक: एक अभ्यास' असा ठेवला, की तीन वर्षांत हाती काही लागत नाही. एक कलम, दोन देश, ठरावीक कालखंड, एवढाच हवा. लेख छापताना पैसे मागणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहावं. यूजीसीने केअर ही मान्य नियतकालिकांची यादी 2025 मध्ये बंद केली, तेव्हापासून नियतकालिक पारखायची जबाबदारी आपली.

परदेशी जायचंच तर एलएलएमनंतर, शिष्यवृत्ती घेऊन. चिव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीला 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो, म्हणून आधी दोन वर्षं काम. इनलॅक्सची शिष्यवृत्ती बघा. जे. एन. टाटा एंडोमेंटही बघा, पण ते कर्जरूपात असतं हे लक्षात ठेवा. परदेशातल्या एक वर्षाच्या एलएलएमच्या मान्यतेवर बार कौन्सिलच्या 2020 च्या नियमांनी वाद उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यामुळे पुढे जिथे शिकवायचं मनात आहे, त्या विद्यापीठाकडून ही पदवी चालेल का, ते निघण्याआधी लेखी घ्या.

एक काम मात्र या महिन्यातच सुरू करता येईल: पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मन. निदान बी-1 या मधल्या पातळीपर्यंत. कंपनीच्या देखरेख मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी बसवणारा कायदा मूळ जर्मनमधून वाचता आला, तर हॅम्बुर्गच्या मॅक्स प्लांक संस्थेत संशोधनासाठी अर्ज करताना तिच्याकडे दाखवण्यासारखं काही असेल. वर्गाचं वेळापत्रक कॉलेजच्या तासांशी जुळतं का, तेवढं आधी बघून घ्या.